भिंतीवरचा परवाना

जेट स्कीला ब्रेक नसतो. हे मी लोकांना सांगायचे तेव्हा लोक हसायचे. त्यांना वाटायचं, बाई गंमत करते. पाण्यावरची मोटारसायकलच ती. तिला हँडल आहे, सीट आहे, मग ब्रेक कसा नसेल? पण नसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे वेग देणारा थ्रॉटल सोडला की ती वळतही नाही. यंत्र मागून पाण्याची धार सोडतं, त्या धारेच्या जोरावर पुढे जातं आणि त्याच जोरावर वळतं. धार थांबली की हँडल कितीही फिरवा, ती आपली सरळच जाते. समोर काही दिसलं की घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप थ्रॉटल सोडतो. म्हणून हे यंत्र ज्याच्या हातात द्यायचं त्याला आधी शिकवायचं, त्याची परीक्षा घ्यायची, मगच कागद द्यायचा. माझ्याकडे तो कागद होता.

माझे वडील नांदेडला अग्निशमन दलात होते. आगीपेक्षा गोदावरीतून माणसं काढण्यातच त्यांची नोकरी गेली. विसर्जनाला, पुराच्या दिवसांत, धोंड्याच्या महिन्यात त्यांची ड्युटी घाटावर असायची. मला त्यांनी सातव्या वर्षी पाण्यात उतरवलं. वस्तीतल्या बायका आईला विचारायच्या, पोरीच्या जातीला कशाला हे? वडील दारातूनच उत्तर द्यायचे. "म्या आजवर जेवढे काढले त्यांच्यात पोहता येणारे लई कमी होते. आन् जे पोहणारे होते, ते हुशारकी करायला गेले होते."

कॉलेजात मी विद्यापीठाकडून पोहले. पोलीस भरतीत उंचीनं मार खाल्ला. दोन वर्षं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं वाचली आणि मग वडिलांच्या ओळखीच्या एकानं गोव्यातल्या प्रशिक्षणाचं सांगितलं. बोट चालवणं, जीवरक्षण, प्रथमोपचार, सगळं शिकवतात, सर्टिफिकेट मिळतं, आणि आता मराठवाड्यातही धरणांवर बोटिंग सुरू होतंय, असं तो म्हणाला. वडील स्वतः मला गोव्याच्या गाडीत बसवायला आले.

वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि एकटीच समुद्र न बघितलेली होते. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्यात एक रिकामा प्लास्टिकचा ड्रम सोडला आणि आम्हाला एकेकाला जेट स्कीवर बसवलं. "ड्रमकडे जा. जवळ आलात की थ्रॉटल सोडा आणि ड्रम चुकवून दाखवा." एकालाही चुकवता आला नाही. मी तर हँडल पूर्ण फिरवलं होतं, तरी सरळ जाऊन ड्रमवर आदळले. सर काठावरून ओरडले, "तो ड्रम म्हणजे माणूस आहे. आता पुन्हा जा, आणि थ्रॉटल देऊन वळा." दुसऱ्यांदा मी वळले. समोर धोका दिसत असताना वेग द्यायचा, ही गोष्ट अंगात मुरायला मला चार दिवस लागले. मनगटाला लाल दोरी बांधायची, म्हणजे चालवणारा पडला की दोरी निसटून इंजिन बंद होतं. जाकिटाचे सगळे बंद लावायचे आणि खांद्याला धरून वर ओढून बघायचं. जाकीट हनुवटीच्या वर आलं तर ते जाकीट नाही, ओझं आहे. बचावाची बोट काठाला, पेट्रोल भरून, तिच्यावर गिऱ्हाईक बसवायचं नाही. हे सगळं मी वहीत उतरून घेतलं होतं.

परत आले तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. शाल दिली, पेपरात फोटो आला. आईनं ते कात्रण फोटोफ्रेममध्ये घातलं. या सत्काराचं मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं त्यात त्याचा मोठा वाटा होता.

त्याच दिवाळीनंतर मला काम मिळालं. लातूर जिल्ह्यात, उदगीर-देवणीच्या अंगाला एक तलाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं बोट क्लबचं टेंडर एका माणसानं घेतलं होतं. सगळे त्यांना मालक म्हणायचे, मीही म्हणायचे. मुलाखतीत त्यांनी सर्टिफिकेटं उलटसुलट बघितली, मग आडनाव विचारलं. मी सांगितल्यावर "अच्छा" म्हणाले. त्या 'अच्छा'ची मला लहानपणापासून सवय आहे. पण लगेच हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं सर्टिफाइड माणूस आमच्याकडं एकबी न्हाई. या तुम्ही."

माझा परवाना मोठा करून, लॅमिनेशन करून तिकीटखिडकीच्या वर लावला. बाजूला माझा फोटो, खाली लाल अक्षरांत 'परवानाधारक प्रशिक्षित चालक'. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून वडिलांना पाठवला.

पहिले दोन महिने चांगले गेले, हे खरं आहे. बचावाच्या बोटीवर एक साठीतले मासेमार होते, त्यांना मी काका म्हणायचे. तलाव होण्याआधीचं त्यांचं गाव त्याच पाण्याखाली होतं. कानडी मिसळून बोलायचे. तलाव भरलेला होता आणि वरून सगळं सपाट, निळं दिसायचं, पण काकांना पाण्याखालचं सगळं पाठ होतं. "ही विहीर. हितनं बांध. बांधावर बाभळी होत्या, तोडल्याच न्हाईत कुणी. तिकडं बेडा," म्हणजे तिकडं नको, "खोडं हायत." आम्ही दोघांनी तेलाचे रिकामे कॅन पिवळे रंगवले, दोरीनं दगडाला बांधले आणि सुरक्षित भागाभोवती सोडले. त्या कॅनच्या आत फिरायचं, बाहेर नाही. पाणी जसं उतरत जाईल तसे कॅन आत सरकवावे लागणार होते, कारण आज दोन पुरुष खोल असलेलं खोड दोन-तीन महिन्यांनी हातभर खाली असणार. दर सोमवारी क्लब बंद असायचा तेव्हा आम्ही जाऊन कॅन सरकवायचो.

मी गिऱ्हाइकांना बसवण्याआधी जाकीट ओढून बघायचे. पोटात दुखतं का, पाठीचं ऑपरेशन झालंय का, विचारायचे. दारूचा वास आला की खाली उतरवायचे. लोकांना कंटाळा यायचा. रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, तपासणी नंतर करा, आधी फिरवा!" आणि फिरवून आणलं की म्हणायचे, बस एवढंच? व्हिडिओत तर गाडी उडते.

मग मालकांचे मेहुणे आले. पस्तिशीचे, अंगानं भरलेले, आधी वाळूच्या ट्रॅक्टरांचा धंदा बघायचे. त्यांनी माझ्या मागे बसून दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला स्वतः पुढे बसले. आठवड्याभरात ते गोल गोल फिरवून पाणी उडवायला लागले, काठावरचे लोक शिट्या वाजवायला लागले आणि रांग त्यांच्यापुढे लागायला लागली. लाल दोरी ते मनगटाला बांधत नसत. हँडललाच गुंडाळून ठेवत. मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "मी काय पडणारा गडी हाय का?"

मालकांनी मला बोलावून घेतलं. आवाज अगदी गोड होता. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या हात. तिकिटाचं, रजिस्टरचं काम तुमच्यासारखं कुणाला जमणार? गाडी चालवणं हे गड्यामाणसाचं काम. तुम्ही खिडकीवर बसा. पगार तोच."

"पण मालक, परवाना माझा आहे. त्यांच्याकडे काहीच नाही."

"परवाना हाय की. भिंतीवर हाय. तुम्ही बी हितंच हात. अजून काय पाहिजे?"

मी खिडकीवर बसले. रोजच्या रजिस्टरात एक रकाना होता, चालकाचं नाव आणि सही. पहिल्या दिवशी मी तो कोरा ठेवला. संध्याकाळी मालकांनी स्वतःच्या पेनानं त्यात माझं नाव घातलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. दुसऱ्या दिवसापासून नावही मीच लिहायला लागले.

मी तेव्हाच का नाही निघून आले, हे मला पुष्कळांनी विचारलंय. कोर्टात विचारलं, घरी विचारलं. उत्तर साधं आहे. नांदेडला परत गेले असते तर लोकांनी विचारलं असतं, काय झालं? ज्या विहारात शाल घेतली त्याच विहारात मला मान खाली घालून बसावं लागलं असतं. वडील फोनवर विचारायचे, "आज किती फेऱ्या मारल्या?" आणि मी आकडा सांगायचे. मेहुण्यांनी मारलेल्या फेऱ्यांचा आकडा.

एकदा मात्र मी तक्रार घेऊन गेले. सुट्टी काढली आणि जिथं या सगळ्याची फाईल होती त्या कार्यालयात जाऊन बसले. टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी मला पाणी दिलं, फाईल काढली आणि माझ्यापुढे उघडली.

"हे बघा, तुमच्या क्लबचं सगळं नियमात आहे. बोटींची नोंदणी आहे, विमा आहे, जाकिटं आहेत, प्रशिक्षित चालक आहे."

"चालक मी आहे, पण चालवत मी नाही."

त्यांनी रजिस्टराच्या झेरॉक्स पुढे केल्या. "ही सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

ते म्हणाले, "ताई, तुम्ही लेखी द्या की या सह्या खोट्या आहेत. मी लगेच पुढे पाठवतो. पण मग पहिली कारवाई कुणावर होईल, त्याचा विचार करून द्या." त्यांनी कोरा कागद दिला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उदगीरच्या बसमध्ये बसले. तो कागद पुढे बरेच दिवस पर्समध्ये तसाच होता.

मार्चअखेरचा एक रविवार. पाणी बरंच उतरलं होतं. मी खिडकीवर बसल्यापासून पिवळे कॅन कुणी सरकवले नव्हते. एकट्या काकांकडून ते होत नव्हतं आणि सोमवारी आता क्लब चालू असायचा. काकांनी दोनदा मालकांना सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं.

दुपारी एक जोडपं खिडकीशी आलं. तो पंचेचाळिशीचा, ती त्याच्याहून जरा लहान. पाहुण्यांकडे आले होते, तिथून तलाव बघायला आलेले. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. हे मला नंतर कळलं. त्यानं तिकीट मागायच्या आधी भिंतीवरचा परवाना पूर्ण वाचला. चष्मा कपाळावर सरकवून, तारखांसकट.

बायको म्हणाली, "कशाला पाण्यात जाता? पोहता येत न्हाई तुम्हाला."

तो म्हणाला, "अगं, रीतसर हाय सगळं. आमच्या डेपोत बी बिनलायसन्सच्याला स्टेअरिंगला हात लावू देत न्हाईत. बघ, बाई चालवती. बाई म्हणजे जपून चालवणार." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "ताई, हा फोटो तुमचाच ना? तुम्हीच फिरवता ना?"

माझ्या मागे मेहुणे उभे होते, पुढच्या फेरीची वाट बघत.

मी म्हणाले, "हो. आमच्याकडे सगळं परवान्यानं चालतं."

एवढंच मी म्हणाले. त्याला वाटलं मी हो म्हणाले, आणि मी हो म्हणालेच होते. रांग मोठी होती. मी तिकीट फाडलं.

तो धक्क्यावर गेला तेव्हा त्याला मेहुणे गाडीवर बसलेले दिसले असणार. त्यानं वळून खिडकीकडे बघितलं का, मला माहीत नाही. मी पुढच्या माणसाला सुटे देत होते. पण माणूस एकदा रांगेतून पुढे आला, मागे लोक उभे आहेत, बायको बघतेय, की तो मागे फिरत नाही. त्याला जे जाकीट दिलं त्याचा खालचा बंद तुटलेला होता. तशी चार जाकिटं होती. मी ती बाजूला काढून ठेवली होती आणि गर्दीच्या दिवशी ती पुन्हा खुंटीवर आली होती.

मी आवाजानं मान वर केली. इंजिनाचा आवाज चढलेला होता आणि एकदम बसला. मला तेवढ्यावरून कळलं. थ्रॉटल सोडला. मग लाकडावर काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. मी बाहेर पळाले तेव्हा यंत्र कॅनच्या ओळीपाशी आडवं होऊन परत सरळ होत होतं. दोरी हँडलला गुंडाळलेली, त्यामुळे इंजिन सुरूच, आणि ते रिकामंच हळूहळू गोल फिरत होतं. मेहुणे पाण्यात ओरडत होते. त्यांचं जाकीट नवीन होतं. दुसरं माणूस दिसत नव्हतं.

बचावाची बोट काठाला नव्हती. ती एका मोठ्या कुटुंबाला घेऊन पलीकडच्या मंदिराकडे फेरीला गेली होती. त्या दिवशी तिच्यावर काका नव्हते, दुसराच कुणी होता. काका आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी काढत होते. मी बचावाची ट्यूब काखेत मारून उडी घेतली आणि त्यांच्या नावानं ओरडत पोहत सुटले. ते हातानं पाणी मारत माझ्या आधी पोचले. त्या फिरणाऱ्या यंत्राला आम्हा दोघांनाही वळसा घालावा लागला.

जाकीट पाण्यावर तरंगत होतं. वरचे दोन बंद लावलेले होते, तसेच. तो खालून निसटून गेला होता. मी चार वेळा बुडी मारली. गाळानं हात दिसत नव्हता. पाचव्या वेळी बाभळीच्या फांदीत मला त्याचा शर्ट लागला.

बांधाच्या उतारावरच्या पिचिंगच्या दगडांवर आम्ही त्याला आडवं केलं. मी छातीवर दाब देत राहिले, तोंडानं श्वास देत राहिले, गोव्यात शिकवल्याप्रमाणे, मोजत. त्याच्या तोंडातून पाणी आणि चिखल येत होता. बायको शेजारी बसली होती. तिच्या हातात त्याचा चष्मा, घड्याळ आणि मोबाइल होता. ती रडत नव्हती. माझ्याकडे एकटक बघत होती. मी थकून क्षणभर थांबले तेव्हा तिनं विचारलं, "तू हितं कशी? तू तर चालवणार होतीस ना?"

अॅम्ब्युलन्स आली. त्यांनी त्याला तपासलं आणि मला हात लावून बाजूला केलं.

मेहुणे संध्याकाळी तिथे नव्हते. मालकांचा फोन आला. त्यांचा आवाज तेव्हाही चढलेला नव्हता. "मॅडम, ऐका. रजिस्टरला तुमचीच सही हाय. तुम्ही म्हणा, तुम्हीच चालवत होता. पाण्यात खोड होतं, दिसलं न्हाई, अपघात झाला. लायसन्सवाला माणूस चालवत असला तर केस हलकी होती. वकील माझा. आन् अजून एक सांगतो, त्या बाईच्या भल्याचं सांगतो. लायसन्सवाला चालवत असला तरच विमा मिळतो. तुम्ही दुसरं काही बोललात तर त्या बाईला काहीच मिळणार न्हाई. तुमच्या हातात हाय."

मालक खोटं बोलत नव्हते. मी नंतर एका वकिलाला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं.

मी वडिलांना फोन केला. ते सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ खाली होता?"

"पंधरा मिनिटं असेल. जास्तच."

"जाकीट कुणी बांधलं?"

"मी नाही."

"तू न्हाईस, मग कुणी?"

"कुणी बघितलंच नाही, अप्पा. मी खिडकीवर होते. दोन महिने खिडकीवरच आहे."

ते म्हणाले, "मंग मला रोज आकडे कशाचे सांगत होतीस?" आणि फोन ठेवला.

पोलीस ठाण्यात मी खरं ते सांगितलं. चालक कोण होता, दोरी कुठे होती, जाकीट कसं होतं, सह्या कुणाच्या. हे मी धाडसानं केलं असं कुणी म्हणू नये. वडिलांचा फोन बंद झाल्यावर मला आणखी एक खोटं बोलण्याची ताकद उरली नव्हती, एवढंच. काकांना साक्षीला बोलावलं. त्यांनी सांगितलं, मी जाळी काढत होतो, माझी पाठ होती, मी काही बघितलं न्हाई. त्या तलावातल्या मासेमारीचा ठेका मालकांच्याच माणसांकडे होता. काका माझ्याजवळून जाताना थांबले नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मेहुणे आठ दिवसांनी हजर झाले आणि जामिनावर सुटले. गुन्ह्यात खोट्या नोंदी केल्याबद्दल माझंही नाव लागलं. माझं प्रमाणपत्र निकाल लागेपर्यंत स्थगित झालं. क्लबला कुलूप लागलं, पावसाळ्यानंतर ते निघालं. आता टेंडर मालकांच्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे आणि खिडकीच्या वर कोकणातल्या एका माणसाचा परवाना आहे. तो माणूस तिथे कुणी पाहिलेला नाही, असं मला तिथल्याच एकानं सांगितलं. मी त्या कार्यालयाला लेखी कळवलं. उत्तर आलं की संबंधित क्लबची कागदपत्रं तपासली असता ती नियमानुसार आढळून आली.

मी नांदेडला एका खासगी शाळेच्या ऑफिसात बसते. दाखले लिहिते. वडील निवृत्त झाले. आमचं बोलणं होतं, जेवणखाण होतं. पाण्याविषयी ते माझ्याशी बोलत नाहीत. उन्हाळ्यात शाळेनं पोहण्याचा वर्ग काढायचं ठरवलं आणि मुख्याध्यापकांनी मला विचारलं. मी म्हणाले, मला येत नाही.

तारखेला मला लातूरला जावं लागतं. पहाटेची बस, लोहा, अहमदपूर करत. पहिल्या काही तारखांना ती बाई, त्या मेकॅनिकची बायको, तिच्या भावाबरोबर यायची आणि लांब बसायची. विमा कंपनीनं दावा नाकारल्याचं पत्र तिला आलं तेव्हा ती एकटी आली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं मला गाठलं. पत्र तिच्या हातात होतं, पण ते तिनं मला दाखवलं नाही.

"मला एक सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी तुला विचारलं, तू चालवतीस का. तेव्हा तू खोटं बोललीस."

"हो."

"तेव्हा खरं बोलली असतीस तर ते बसले नसते."

"हो."

"मग पोलिसात तरी खोटं बोलायचं होतंस. पोलिसात कशाला खरं बोललीस? तेव्हा खरं बोलून माझं काय वाचवायचं राहिलं होतं?"

इतके महिने मी स्वतःला समजावत होते की निदान शेवटी मी खरं सांगितलं. तिच्यापुढे उभं राहिल्यावर ते तोंडातून निघेना. मी म्हणाले, "चुकलं माझं."

"कोणतं?" तिनं विचारलं.

ती थोडा वेळ थांबली, खरोखर उत्तर हवं असल्यासारखी. मग पत्र पिशवीत घालून जिना उतरून गेली.

त्यानंतरही तारखा पडतायत. कधी मेहुण्यांचे वकील येत नाहीत, कधी पंच येत नाहीत. आमच्या कोर्टाबाहेर एकच लाकडी बाक आहे. मागच्या तारखेला मी पोचले तेव्हा ती आधीच येऊन बसली होती, बाकावरच्या उरलेल्या जागेत पिशवी ठेवून. मी जवळ गेले. तिनं मला बघितलं. पिशवी उचलली नाही. मी भिंतीशी उभी राहिले. दुपारी अडीचला पुकारा झाला तोपर्यंत उभीच होते, आणि मग पुढची तारीख मिळाली.